साठी, बुद्धी आणि डोळा

गेल्या दिवाळीत आमच्या धुळ्याच्या घरी चकलीच्या भाजणीत मीठ दोनदा पडले.

एरवी ही गोष्ट छापण्यासारखी नव्हे. दिवाळीत मीठ चुकते, साखर करपते, अनारसे तुपात विरघळतात आणि पाहुणे तरीही ‘छान झालंय हं’ म्हणतात. पण ही भाजणी आमच्या आईची होती. आणि गेली पन्नास वर्षे तिने मीठ कधी मोजले नव्हते, की कधी चुकवले नव्हते. सारेजण हसले. आईही हसली. “साठी बुद्धी नाठी, दुसरं काय!” असे म्हणून तिने वर वयाच्या बाबतीत स्वतःला सोळा वर्षांची सूटही देऊन टाकली, कारण तिला शहात्तरावे चालू होते.

भाऊबिजेच्या दिवशी मी जळगावहून पुन्हा धुळ्याला गेलो. आईने दारातच विचारले, “कधी आलास रे?” मी म्हटले, “हा काय, आत्ताच.” चहा झाल्यावर तिने विचारले, “कधी आलास?” मी हसून तेच उत्तर दिले. जेवताना तिने माझ्या पानात भात वाढला आणि अगदी पहिल्यांदाच विचारावे तशा मायेने विचारले, “कधी आलास बाबा?” या वेळी मला हसू आले नाही. समोर बसलेल्या दादालाही आले नाही. वहिनी तेवढ्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मी मराठीचा मास्तर. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत एकच वाक्य तीनदा आले तर मला लगेच कळते, की पोराने पाने भरण्यासाठी लिहिले आहे. पण आपल्या आईच्या बोलण्यात एकच वाक्य तीनदा आले तर त्याचा अर्थ काय लावायचा, हे मला कोणत्याच अभ्यासक्रमात कोणी शिकवले नव्हते.

रात्री आम्ही दोघे भाऊ गच्चीवर बसलो. दादा म्हणाला, “वय झालं रे. आजोबांचंही असंच झालं होतं.” वहिनी पाणी घेऊन वर आल्या होत्या, त्या थांबल्या. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. गेल्या वर्षभरात गॅस तीनदा उघडा राहिला होता. रक्तदाबाची गोळी कधी घेतलीच जात नव्हती, तर कधी दोनदा घेतली जात होती. आणि श्रावणात देवळातून परत येताना आई चौथ्या गल्लीऐवजी पाचव्या गल्लीत जाऊन एका परक्या घराचे दार वाजवीत उभी राहिली होती. धुळे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे अधिक लागेल. कॅप्टन ब्रिग्जच्या काळापासून आखलेल्या, ओळीने नंबर दिलेल्या सरळसोट गल्ल्या त्या. तिथे वाट चुकणे हे पाढ्यात सातानंतर नऊ म्हणण्यासारखे आहे.

“मग सांगितलं का नाही?” दादाने विचारले.

“कसं सांगू?” वहिनी म्हणाल्या, “सासूची चहाडी केल्यासारखं झालं असतं.”

यावर आम्हां दोघांपाशी उत्तर नव्हते.

*

आमचा पुतण्या पुण्याला इंजिनियरिंगला आहे. आजच्या काळात घरात एक तरी असा मुलगा असतो, की ज्याच्या खिशातल्या फोनमध्ये सर्व रोगांवर बातमी असते. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हांला एक बातमी दाखवली. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढून स्मृतिभ्रंशाचा धोका आधीच ओळखता येतो, असे त्यात होते. दादा एकदम उत्साहात आला. “एका फोटोचं तर काम आहे! टाकू काढून.” आमचा दादा हिशेबी माणूस, फोटो काढला की प्रश्न सुटला, असे त्याला पासपोर्ट काढल्यापासून वाटत आले आहे.

मला मात्र शंका. डोळ्यांवरून मनातले ओळखतात हे आम्ही मराठीवाले पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पण ते काव्यात. आता ते शास्त्रातही खरे निघावे, हे मला जरा जास्तच वाटले. तरी आईच्या डोळ्यांना तसेही कमी दिसत होतेच. तेव्हा मार्गशीर्षात तिला जळगावला आणायचे ठरले. इथल्या एक नेत्रवैद्य माझ्या जुन्या विद्यार्थिनी. अकरावीत असताना त्यांचा निबंध मी वर्गात वाचून दाखवला होता, एवढ्या भांडवलावर मी त्यांच्याकडे वाटेल तितके प्रश्न विचारू शकतो.

धुळे ते जळगाव हा रस्ता पारोळा, एरंडोल, पाळधी असा येतो. आईचे माहेर पारोळ्याजवळचे. गाडीत ती अशी खुलली की विचारू नका. हा मळा कोणाचा, त्या विहिरीला पाणी कधी लागले, पारोळ्याच्या किल्ल्याजवळच्या बाजारात कोणत्या वारी कोण कापूस घेऊन यायचे, सारे जणू कालच घडले असावे तसे तिने सांगितले. बोलता बोलता तिची भाषाही बदलली. आमच्या वडिलांच्या घरी आल्यावर तिने अहिराणी पेटीत ठेवून दिली होती. लग्नानंतर आम्ही मुलांनी ती तिच्या तोंडून क्वचितच ऐकली. ती आता आपणहून बाहेर आली. “माले समदं याद शे,” ती मला बजावून म्हणाली. आणि एरंडोल मागे पडल्यावर तिने विचारले, “आपण कुठं चाललोय रे?”

*

नेत्रवैद्यांनी आईच्या डोळ्यांत थेंब घातले आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत आम्हांला बाहेर बसवले. त्या अर्ध्या तासात, आणि नंतरही दोन-तीन भेटींत, मला जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो. यात चूक असेल तर ती ऐकणाऱ्याची समजावी, सांगणारीची नव्हे.

डोळ्याचा आतला पडदा, ज्याला शास्त्राच्या पुस्तकात दृष्टिपटल म्हणतात, तो नुसता कॅमेऱ्याच्या फिल्मसारखा नसतो. गर्भ चौथ्या आठवड्यात असतानाच मेंदूच्या पुढच्या भागातून दोन्ही बाजूंना दोन कोंब फुटतात; त्यांचेच पुढे पडदे होतात. म्हणजे पडदा हा मेंदूचाच एक तुकडा आहे. खिडकीशी येऊन बसलेला. त्याच्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या शिरेत दहा-बारा लाख तंतू असतात. शिवाय रक्तवाहिन्यांचे असे आहे, की साऱ्या देहात त्या कातडीआड असतात; न कापता, न टोचता त्या सरळ डोळ्याने पाहता येतात ती जागा हीच.

पण या खिडकीतून डोकावायला माणसाला फार उशीर लागला. बाहुली काळी का दिसते? आत प्रकाश जातो तो आल्या वाटेनेच परततो; आणि ते पाहायला आपण डोके पुढे केले की आपलेच डोके दिव्याच्या आड येते! हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने यावर तोड काढून १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले. जिवंत माणसाच्या पडद्याचा पहिला फोटो १८८६ सालचा. आणि १९९१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मंडळींनी प्रकाशाच्याच साहाय्याने पडद्याचा उभा छेद पाहण्याची युक्ती जाहीर केली. तिला ओसीटी म्हणतात. सुरी न लावता कांद्याचे पदर मोजावे तसे हे यंत्र पडद्याचे पदर मिलिमीटरच्या हजारांश भागांत मोजते. ते आता जळगाव-धुळ्यासारख्या गावांतही आहे. आईला फक्त हनुवटी टेकवून हिरव्या खुणेकडे पाहायला सांगितले. दोन मिनिटांत काम झाले. “फोटो चांगला आला का गं?” आईने विचारले. “आजी, फार सुंदर आला,” त्या म्हणाल्या.

आता स्मृतिभ्रंशाकडे येतो. आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली आपल्या एका रुग्ण बाईच्या मेंदूत, तिच्या मृत्यूनंतर, सूक्ष्मदर्शकाखाली गाठी आणि साके पाहिले आणि ते सभेत सांगितले. तोच हा अल्झायमरचा रोग. स्मृतिभ्रंशाचे सर्वांत जास्त आढळणारे कारण. दुसरे मोठे कारण मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होणे. उतारवयात दोन्ही हातात हात घालूनही येतात. मेंदूत हा बिघाड विसरणे सुरू होण्याच्या कितीतरी वर्षे आधी चालू होतो, आणि तिथेच सारी अडचण आहे. आपल्याला कळते तेव्हा वाळवीने निम्मे खांब पोखरलेले असतात.

मग शास्त्रज्ञांना वाटले, की मेंदूचा जो तुकडा खिडकीशी बसला आहे त्याच्यावर याच्या खुणा उमटत असतील का? १९८६ साली अमेरिकन संशोधकांनी अल्झायमरने गेलेल्यांच्या डोळ्यांच्या शिरा तपासल्या, तेव्हा त्यांतले तंतू झडलेले दिसले. पुढे ओसीटी आल्यावर जिवंत माणसांत मोजमाप सुरू झाले. २०१८ साली इंग्लंडमधल्या बत्तीस हजारांवर लोकांची मोजणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या पडद्यातील तंतूंचा थर पातळ होता, ते लोक बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडत होते, आणि पुढच्या काही वर्षांत अधिक घसरण्याचा संभवही त्यांच्यातच जास्त होता. त्याच वर्षी हॉलंडमधील रॉटरडॅमच्या पाहणीतही पातळ थर आणि पुढे होणारा स्मृतिभ्रंश यांचा संबंध दिसला. त्यात गणकयंत्रांची भर पडली. मदुराईचे अरविंद आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय यांसारख्या आपल्या संस्थांतील फोटोंवरही शिकवलेल्या गणकयंत्राला मधुमेहाने पडद्यावर होणारा बिघाड ओळखता येतो, हे २०१६ साली सिद्ध झाले. आणि २०१८ साली तर नुसत्या पडद्याच्या फोटोवरून माणसाचे वय, रक्तदाब, तो विडी-सिगरेट ओढतो की नाही, हेही यंत्र बऱ्याच अंशी सांगू लागले. बायकोपासून सिगरेट लपवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आपल्या महाराष्ट्रातही पडद्याच्या मोजणीचे मोठे काम झाले आहे. २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतील डॉ. योस्ट योनास यांनी तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. ती पाहणी स्मृतिभ्रंशासाठी नव्हती. पण आपल्या शेतकऱ्या-मजुरांचा निरोगी डोळा कसा असतो हे कळल्याशिवाय बिघडलेला डोळा ओळखणार कसा? विलायती डोळ्यांच्या मापाने खान्देशी डोळा मोजणे म्हणजे इंग्रजी व्याकरणाने मराठी वाक्य तपासण्यासारखे आहे. ते आम्ही काही काळ केले, आणि त्याचे परिणाम अजून भोगतो आहोत.

आणखी एक गंमत. अमेरिकेत लॉस एंजलिसच्या संशोधकांनी हळदीतले कर्क्युमिन हे द्रव्य थोड्याशा रुग्णांना पोटातून देऊन पाहिले. ते अल्झायमरच्या साक्यांना चिकटते आणि विशिष्ट प्रकाशात चमकते, म्हणून पडद्यावरचे साके दिसू शकतात असे त्यांनी २०१७ साली मांडले. हे ऐकून आई सुखावली. “हळद मी रोजच घालते,” ती म्हणाली. मला सांगणे भाग आहे, की ती हळद रंग देण्यासाठी होती, औषध म्हणून नव्हे. आमटीतल्या हळदीने स्मृती राहते असे अनुमान कोणी काढू नये.

*

हे सारे ऐकल्यावर दादाने आपला हिशेबी प्रश्न टाकला. “मग डॉक्टर, आईचा फोटो काय म्हणतो? आहे की नाही?”

“तेवढं मला सांगता येणार नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आणि आज कोणी सांगतो म्हणालं, तर त्याला पैसे देऊ नका.”

दादाचा चेहरा उतरला. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “सर, तुमच्या दोन तुकड्या आहेत असं समजा. ‘अ’ची सरासरी साठ गुण, ‘ब’ची पंचावन्न. हा फरक खराच आहे. पण एक मुलगा दारातून आत आला आणि त्याला सत्तावन्न गुण आहेत. तर तो कुठल्या तुकडीतला?”

मला उत्तर देता येईना. सव्वीस वर्षांपूर्वी मी त्यांना फळ्यापाशी उभे केले होते. त्याची ही फेड होती.

पडद्याचा थर नुसत्या वयानेही पातळ होतो. काचबिंदूने होतो, जास्त नंबराच्या चष्म्याच्या डोळ्यांत होतो, मधुमेहातही होतो. हजार लोकांत फरक दिसणे वेगळे आणि एका आजीच्या बाबतीत निदान करणे वेगळे. त्यांनी कागदावर एक काल्पनिक हिशेब मांडला, तो मी जपून ठेवला आहे. भारतात साठीपुढच्या लोकांत शेकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असावा, असा देशभरच्या पाहणीवरून २०२३ साली काढलेला अंदाज आहे. तेव्हा साठीपुढचे हजार लोक घेतले तर त्यांत ७४ रुग्ण. आता समजा, डोळ्याची एखादी चाचणी इतकी चांगली निघाली, की शंभर रुग्णांतले नव्वद ओळखील आणि शंभर निरोग्यांतल्या नव्वदांना निरोगीच म्हणेल. तरी ती ७४ पैकी ६७ जणांना पकडील, आणि ९२६ निरोग्यांपैकी ९३ जणांनाही उगाच पकडील! म्हणजे ज्या १६० घरांत ‘धोका आहे’ अशी चिठ्ठी जाईल, त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांत ती खोटी असेल. आणि आजची डोळ्याची चाचणी तर एवढीही पक्की ठरलेली नाही. तिचा उपयोग पुढे गाळणीसारखा होईल. पुढच्या तपासण्या कोणाच्या करायच्या ते ती सुचवील. निकाल देणार नाही. रक्ताच्या चाचणीचे काम तिच्या पुढे गेले आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेने अशी पहिली चाचणी मान्य केली, तीही ज्यांना विसरण्याचा त्रास सुरू झालेला आहे अशांसाठीच.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात मी तरुणपणी जुन्या पोथ्या चाळायला जात असे. कडा खाल्लेले पान पाहिले की दप्तराला ओल लागली होती हे कळते. कोणता शब्द गेला, ते कडेवरून कळत नाही. त्याला आतले पान वाचावेच लागते. मी हे बोलून दाखवले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हेच सर, हेच. आता आतलं पान वाचायला जा.” आणि त्यांनी मेंदूच्या वैद्यांच्या नावे चिठ्ठी दिली.

चिठ्ठीबरोबर आणखी दोन गोष्टी दिल्या, ज्या आम्ही विचारल्याही नव्हत्या. एक, आईच्या दोन्ही डोळ्यांत चांगलाच पिकत आलेला मोतीबिंदू होता. दोन, पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांवर जुन्या रक्तदाबाच्या खुणा होत्या. चुकलेल्या गोळ्यांचा हिशेब डोळ्याने बरोबर लिहून ठेवला होता.

*

मेंदूच्या वैद्यांकडे आतले पान वाचायचे म्हणजे प्रश्नोत्तरे. आमच्या घरात परीक्षक मी. पण त्या दिवशी घाम मलाच फुटला.

“आजी, आज तारीख काय?”

आई म्हणाली, “मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. उद्या चंपाषष्ठी, भरीत-रोडगे करायचेत.”

कागदावर इंग्रजी तारखेची चौकट होती. वैद्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली, हसले आणि गुण दिला. मग त्यांनी जिल्हा विचारला. “पूर्व खान्देश,” आई म्हणाली. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसांत जळगावला तेच म्हणत. १९६०च्या सुमारास ते नाव गेले. हे उत्तर बरोबर की चूक? मी जर तपासनीस असतो तर ‘योग्य, परंतु कालबाह्य’ असा शेरा मारून अर्धा गुण दिला असता.

पण मग वैद्यांनी तीन साधे शब्द सांगितले होते ते पाच मिनिटांनी विचारले. आई माझ्याकडे पाहू लागली. तिला एकही शब्द आठवला नाही. आणि शब्द सांगितले होते हेही आठवले नाही.

या चाचण्यांची एक अडचण मला तिथे कळली. त्या बहुधा शिकलेल्यांच्या, प्रमाण भाषेतल्या, वजाबाकी-लेखनाच्या असतात. म्हणूनच हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांसाठी निरक्षरांनाही चालेल अशी हिंदी चाचणी मुद्दाम घडवावी लागली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. आमच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी इतरांनी ऐकून लिहून घेतली आणि त्या गेल्यावर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. त्यांच्यापुढे कोणी लेखनाची चाचणी ठेवली असती तर काय निकाल लागला असता? आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे! डोळ्याच्या फोटोचे मला खरे कौतुक वाटते ते या ठिकाणी. तो तुमची इयत्ता विचारीत नाही, अहिराणीला हसत नाही. उद्या तो पक्का झाला, तर सर्वांत मोठा उपयोग खेड्यातल्या, न शिकलेल्या बायकांना होईल. आणि देशाच्या त्या पाहणीत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण बायकांत पुरुषांपेक्षा आणि खेड्यांत शहरांपेक्षा जास्त निघाले आहे.

मेंदूच्या वैद्यांनी रक्त तपासले, बी-१२ पाहिले, थायरॉईड पाहिले, मेंदूचे चित्र काढले. बी-१२ कमी होते, ते भरून काढता येते. बाकीचे मात्र खरे होते. सुरुवातीचा स्मृतिभ्रंश, बहुधा दोन्ही कारणांचा मिळून. त्यांनी ते स्पष्ट शब्दांत सांगितले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. बाहेर आल्यावर दादा बराच वेळ गाडीची किल्ली शोधत होता. ती त्याच्या हातात होती.

*

पौषात एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, फाल्गुनात दुसऱ्याचा. २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञमंडळाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी चौदा कारणे मोजली आणि ती सारी आवरली तर जवळजवळ पंचेचाळीस टक्के प्रसंग टळतील किंवा लांबतील असे म्हटले. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण, एकटेपण ही होतीच. उपचार न केलेली अधू दृष्टी हे नवे नाव त्या वर्षी यादीत आले. अमेरिकेत सिॲटल येथे तीन हजारांवर वृद्धांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. त्यात मोतीबिंदू काढलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण न काढलेल्यांपेक्षा बरेच कमी दिसले. मोतीबिंदूमुळेच तसे झाले असे अजून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण मोतीबिंदू काढण्यात तोटा तर नाही!

आई बरी झाली का? नाही. हा रोग आज बरा होत नाही. पण पट्टी सुटली त्या दिवशी तिने वहिनींकडे निरखून पाहिले आणि म्हणाली, “किती वाळलीस गं.” वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. आणि तेव्हा, वाचकहो, मला कळले की आम्ही दोघे भाऊ फोटोच्या मागे लागलो होतो ते आईसाठी खरेच. पण आम्हांला एक यंत्र हवे होते, की जे आमच्या वतीने पाहील. घरात पाहणारे माणूस वर्षभर होतेच. त्या माणसाला आम्ही विचारले नव्हते.

वहिनींनी एकच प्रश्न विचारला. “आधी कळलं ते चांगलंच. पण दुपारी दोन ते पाच कोण बसणार आईंपाशी?” कोणत्याही ओसीटीला याचे उत्तर देता येत नाही. आम्ही बसून ते काढले. आता दुपारी एक बाई येतात, त्यांचे पैसे आम्ही भाऊ निम्मे-निम्मे देतो. गोळ्या वारांच्या खणांच्या डबीत आहेत. पासबुक दादाकडे. महिन्यातले दोन शनिवार-रविवार मी धुळ्याला असतो आणि त्या दिवसांत वहिनींनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. आणि उन्हाळ्याच्या सुटीत आई जळगावला आमच्याकडे. माझ्या हातची आमटी आईला आवडत नाही. ते तिला प्रत्येक वेळी नव्याने कळते, हा माझा फायदा की तोटा, ते मी अजून ठरवलेले नाही.

दादाने आता आम्हां दोघांचेही डोळे तपासून घ्यायचे काढले आहे. मीही जाणार आहे; भविष्य पाहायला मात्र नव्हे. चाळिशीनंतर काचबिंदू, साखर, रक्तदाब यांची खबर डोळा खरोखर देतो आणि त्यांवर उपाय आहेत. वाचकांनाही हेच सांगेन. साठीपुढच्या वडीलधाऱ्यांचे डोळे वर्षातून एकदा थेंब घालून तपासा, कान तपासा, रक्तदाबाची गोळी डोळ्यांसमोर घेववा. विसरणे वाढले तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका आणि ‘फोटोत कळतं’ म्हणून पळूही नका, वैद्यांकडे जा. काय करावे सुचत नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी दूरध्वनी आहे. आणि घरात जी सून, मुलगी वा बायको सतत जवळ असते, तिला आधी विचारा.

यंदाच्या चकल्या झाल्या. वहिनींनी मीठ वाटीत मोजून बाजूला ठेवले होते. आईने फक्त ते ओतले आणि भाजणी मळली. हात काही विसरलेले नाहीत. सोऱ्या फिरवताना तिने मान वर करून मला पाहिले. अलीकडे ती बहुतेक अहिराणीतच बोलते.

“तू कव्हय उना रे?”

“आत्तेच उनू, माय,” मी म्हटले.